कार्ल्याच्या स्तंभापासून परळच्या खोलीपर्यंत : अभ्यासाच्या सवयीचा इतिहास



वर्धापनदिन म्हटला की दहावी-बारावीत चांगले गुण मिळवलेल्या मुलामुलींचा सत्कार आलाच. टाळ्या वाजतात, वही-पेन आणि पुष्पगुच्छ दिला जातो. ते योग्यच आहे. पण ज्या पोराचं नाव पुकारलं गेलं नाही, त्याची आई घरी जाताना मनात म्हणते, "आमच्या पोराला डोकंच नाही." ही समजूत मोडून काढावी म्हणून हा लेख लिहीत आहे. अभ्यास ही डोक्याची गोष्ट आहे त्याहून जास्त सवयीची आहे. आणि ती सवय एकट्या पोराला लागत नाही. ती घराने आणि संघाने लावावी लागते. हे मी पदरचं सांगत नाही. आपल्या मावळच्या दगडात याचा पुरावा आहे आणि परमपूज्य बाबासाहेबांच्या चरित्रातही आहे.

आधी दगडाचं सांगतो. कार्ल्याचे चैत्यगृह आपण सर्वांनी पाहिले आहे. सुमारे १२४ फूट लांबीची ती लेणी, लाकडाच्या कमानी आणि दोन्ही बाजूंची स्तंभांची रांग. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या स्तंभांवर ब्राह्मी लिपीत देणगीदारांची नावे कोरलेली आहेत. त्यांत एक नाव आहे सातिमित याचे. हा सोपाऱ्याचा, म्हणजे आजच्या नालासोपाऱ्याचा, धम्मोत्तरीय परंपरेतला भिक्खू. लेखात त्याची ओळख 'भाणक' अशी दिली आहे. त्याने अस्थिधातूसह एक स्तंभ दान दिला.

भाणक म्हणजे कोण? भगवान बुद्धांची वचने मुखोद्गत करून ती म्हणणारा, सांगणारा. बुद्धवचन पुढे श्रीलंकेत इ. स. पूर्व पहिल्या शतकात ताडपत्रावर उतरले. त्याआधी कित्येक पिढ्या ते केवळ मुखाने आणि कानाने जपले गेले. एवढा मोठा ठेवा एकट्याच्या डोक्यात कसा मावणार? म्हणून संघाने वाटणी केली. कोणी दीघनिकायाचे भाणक, कोणी मज्झिमनिकायाचे. प्रत्येकाने आपला भाग नीट पाठ करायचा, रोज म्हणायचा आणि सर्वांनी मिळून म्हणायचा. दहा जण एका सुरात म्हणत असताना एकाची चूक झाली तर ती लगेच कानाला खटकते. थोडे थोडे, रोज आणि मिळून : ही त्यांची अभ्यासाची रीत होती. 'उजळणी' हा शब्द आपण शाळेत ऐकतो, त्याची ही जुनी परंपरा आहे.

आता लोणावळ्याचा पाऊस डोळ्यांसमोर आणा. वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास कोसळणारा. आषाढ पौर्णिमेपासून तीन महिने भिक्खूंनी चारिका थांबवून एका जागी राहायचे, हा वर्षावासाचा नियम. कार्ले, भाजे, बेडसे येथील लहान लहान खोल्या आणि दगडी ओटे हे राहण्याचे ठिकाण होते आणि ध्यान-पठणाचेही. बाहेर पाऊस, आत पाठ. पावसाने वाट अडवली तरी त्या दिवसांत अभ्यास थांबत नव्हता.

आणि ही जागा उभी कोणी केली? कार्ल्याचे शिलालेख वाचले की उत्तर मिळते. धेनुकाकट या गावचा सुगंधी द्रव्ये विकणारा सिंहदत्त, तिथलाच सुतार सामी, काही यवन, अशा कष्टकऱ्यांनी आणि व्यापाऱ्यांनी कुणी दार दिले, कुणी खांब दिला. भाणकाच्या तोंडी जे पाठ होते, त्यामागे सुताराचे हात होते. हे विसरू नका.

तिथून थेट मुंबईच्या परळला येऊ. काळ दोन हजार वर्षे पुढचा, पण रीत तीच. सुभेदार रामजींचे कुटुंब परळच्या चाळीत राहत होते. खोलीत भांडीकुंडी, धूर, माणसांची ये-जा. तिथं भीमराव अभ्यास कसा करणार? वडिलांनी युक्ती काढली. पोराने संध्याकाळी लवकर झोपायचे. स्वतः रामजींनी रात्री दोनपर्यंत जागायचे, मग त्याला उठवायचे आणि आपण झोपायचे. घर निजलेले असताना रॉकेलच्या दिव्याखाली पुस्तक उघडायचे. पुस्तकांसाठी पैसे नसले तर रामजी सासरी असलेल्या मुलींकडून दागिने मागून आणत आणि ते गहाण ठेवत.

१९०७ साली भीमराव एल्फिन्स्टन हायस्कूलमधून मॅट्रिक झाले. गुण किती? ७५० पैकी २८२. आजच्या सत्कार समारंभात एवढ्या गुणांवर कोणाचे नाव पुकारले गेले असते का, हे आपणच सांगा! पण दोनला उठण्याची सवय गुणपत्रिकेवर लिहिलेली नसते. तीच पुढे कामाला आली. १९१२ साली बी. ए., १९१५ साली कोलंबिया विद्यापीठाची एम. ए. शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ मध्ये लंडनचे शिक्षण अर्धे टाकून परत यावे लागले. सिडनेहॅम कॉलेजात शिकवून त्यांनी पैसे साठवले, शाहू महाराजांचे आणि मित्र नवल भथेना यांचे साहाय्य मिळाले आणि १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. तिथे ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात सकाळी पहिल्यांदा येणाऱ्यांत आणि शेवटी उठणाऱ्यांत ते असत. रात्री भूक लागली की पापड भाजून खायचे आणि पुन्हा वाचायला बसायचे. १९२१ साली एम. एस्सी., १९२३ साली डी. एस्सी. मॅट्रिकपासून सोळा वर्षे!

याच सवयीने आणखी एक मोठी गोष्ट घडवली. शाळा सुटल्यावर भीमराव चर्नी रोडच्या बागेत वाचत बसत. तिथे त्यांच्यावर कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींची नजर गेली. मॅट्रिकनंतरच्या सत्कारात गुरुजींनी आपण लिहिलेले गौतम बुद्धांचे चरित्र त्यांना भेट दिले आणि पुढे बडोद्याच्या शिष्यवृत्तीसाठीही शब्द टाकला. १९०७ साली हाती आलेले ते पुस्तक आणि १४ ऑक्टोबर १९५६ ची नागपूरची दीक्षाभूमी यांच्यामध्ये एकोणपन्नास वर्षांचे वाचन आहे.

मावळच्या उंबरठ्यावरच्या देहूरोडला २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी रंगूनहून आणलेल्या बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. सामान्य माणसाला समजेल असा बुद्धधम्मावरचा ग्रंथ आपण लिहीत आहोत, असे त्या सभेत त्यांनी सांगितले. शरीर थकले होते, तरी लेखणी चालू होती. तो ग्रंथ छापून आला तो १९५७ साली, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर. परळच्या खोलीतली सवय शेवटपर्यंत सुटली नाही.

मित्रहो, आज आपल्या घरात वीज आहे, पुस्तकं आहेत. पण रामजींसारखं जागणारं कोणी आहे का? टीव्ही मोठ्यानं चालू, बापाच्या हातात मोबाईल, आणि पोराला सांगायचं, "जा, अभ्यास कर!" पोर कसं बसेल? लोणावळ्यात शनिवार-रविवारी पर्यटकांची गर्दी झाली की कितीतरी मुलं दुकानावर, गाड्यावर घरच्यांना हातभार लावतात. त्यांना दोष देऊ नका. त्यांच्यासाठी बाकीचे पाच दिवस घट्ट धरा.

म्हणून हात जोडून तीन गोष्टी सुचवतो. पहिली, रोज एकच वेळ आणि एकच जागा ठरवा. तासभर असला तरी चालेल, पण चुकवू नका. दुसरी, आज वाचलेलं उद्या पुस्तक मिटून दुसऱ्याला सांगा. भाणकांची रीत हीच. तिसरी मोठ्यांसाठी : वंदना झाली की विहाराला कुलूप लावू नका. रोज संध्याकाळी दोन तास सतरंजी अंथरा, दिवा चालू ठेवा, लाऊडस्पीकर बंद ठेवा आणि पाळीपाळीने एका जाणत्याने तिथे बसा. शिकवता आलं नाही तरी हरकत नाही. रामजींनीही शेवटी केलं काय? जागले आणि वेळेवर उठवलं.

कार्ल्याच्या सुताराने दार दिले. आपण निदान दार उघडे तरी ठेवू या.

नमो बुद्धाय! जयभीम!