‘सेंग खासी’ : चुलीपासून मैदानापर्यंत

ईशान्य भारतातील आदिवासी समाजांच्या आधुनिक इतिहासाची मांडणी बहुधा दोन टोकांना धरून केली जाते. एका टोकाला मिशनरी शिक्षणातून उदयास आलेला साक्षर ख्रिस्ती मध्यमवर्ग आणि दुसऱ्या टोकाला आपल्या डोंगरांत अविचल राहिलेली ‘आदिम’ परंपरा. या मांडणीत एक तिसरी शक्यता दुर्लक्षित राहते. मिशनने आणलेली लिपी, छापखाना आणि सभेची रीत ही साधने हाती घेऊन परंपरेनेच स्वतःची नव्याने मांडणी करावी, ही ती शक्यता होय. शिलाँग येथे २३ नोव्हेंबर १८९९ रोजी सोळा खासी तरुणांनी स्थापन केलेली ‘सेंग खासी’ ही संस्था या तिसऱ्या शक्यतेचे ठळक उदाहरण आहे. ‘सेंग’ म्हणजे संघ अथवा मंडळ. स्वतःचा धर्म, आचार आणि समाजाचे सामूहिक हित यांचे रक्षण करण्यासाठी एका आदिवासी समाजाने स्वतःहून उभारलेल्या आणि शंभराहून अधिक वर्षे टिकलेल्या या संस्थेचा इतिहास केवळ प्रादेशिक कुतूहलाचा विषय नाही.

या घटनेची पार्श्वभूमी सुमारे सहा दशकांची आहे. वेल्श मिशनरी थॉमस जोन्स १८४१ मध्ये चेरापुंजी, म्हणजे सोह्रा, येथे पोहोचला. त्यापूर्वी श्रीरामपूरच्या मिशनऱ्यांनी खासी भाषा बंगाली लिपीत लिहिण्याचा प्रयत्न केला होता. तो रुजला नाही. जोन्सने रोमन लिपी स्वीकारली आणि पुढे खासी भाषेची लिपी म्हणून तीच स्थिरावली. त्यामुळे खासी साक्षरतेचा आणि ख्रिस्ती धर्मशिक्षणाचा आरंभ एकाच वर्गात झाला. वाचायला शिकणारा खासी मुलगा प्रथम वाचत असे तो मजकूर मिशनचा असे. वंशाचा इतिहास, देवकार्याचे विधी, सृष्टीची कथा हे सारे मात्र मुखपरंपरेतच राहिले. लिहिलेले ते ज्ञान आणि बोललेली ती अंधश्रद्धा, अशी नवी उतरंड त्यातून तयार झाली. सेंग खासीचा मूळ संघर्ष जितका धर्मांतराशी होता, तितकाच या उतरंडीशी होता.

ही गोष्ट प्रथम ओळखली ती जीबोन रॉय (१८३८–१९०३) यांनी. सरकारी सेवेत वरच्या पदापर्यंत पोहोचलेल्या या गृहस्थांना शिक्षणाचे आणि मुद्रणाचे सामर्थ्य ठाऊक होते. १८९६ मध्ये त्यांनी शिलाँगमध्ये ‘री खासी प्रेस’ सुरू केला आणि पुढच्याच वर्षी खासी धर्माविषयीचे आपले पुस्तक प्रसिद्ध केले. हितोपदेश, रामायण यांची खासी रूपांतरेही त्यांनी केली. येथे एक बाब नोंदविण्याजोगी आहे. ते स्वधर्माची बाजू मांडत असले तरी बाहेरच्या ग्रंथपरंपरांकडे त्यांनी पाठ फिरविली नाही; त्या खासी भाषेत आणून भाषेचे बळ वाढविले. १८९७ च्या १२ जूनला झालेल्या महाभूकंपाने शिलाँग शहर उद्ध्वस्त झाले. शहर पुन्हा उभे राहत असतानाच, दोन वर्षांनी, जीबोन रॉय यांच्या विचारांच्या प्रभावाखाली सोळा तरुण एकत्र आले. जीबोन रॉय यांचे पुत्र शिब चरण रॉय यांनी पुढे हेच काम वृत्तपत्र आणि ग्रंथ यांच्याद्वारे चालू ठेवले.

महाराष्ट्रातील प्रार्थना समाज (१८६७) आणि सत्यशोधक समाज (१८७३) यांच्याशी या संस्थेची तुलना मराठी अभ्यासकाच्या मनात सहज येईल. साम्य आहे ते सभा, मुद्रण आणि शाळा या साधनांचे. प्रयोजनात मात्र मूलभूत भेद आहे. सत्यशोधकांपुढे पुरोहितशाहीने जखडलेला ग्रंथप्रामाण्याचा धर्म होता. त्याची बंधने त्यांना तोडायची होती. खासी समाजात पुरोहितांची जात नव्हती, ग्रंथ नव्हता आणि धर्माला वेगळे नाव देण्याची गरजही कधी पडली नव्हती. ‘नियाम’ म्हणजे जगण्याची रीत. जे आजवर नुसते पाळले जात होते, ते आता शब्दांत मांडणे प्राप्त झाले. संस्थेने पुढे ठेवलेली तीन सूत्रे या दृष्टीने पाहण्यासारखी आहेत : सत्याने आणि नीतीने कमवावे, माणसाला जाणून देवाला जाणावे, मातृकुळाची व पितृकुळाची नाती ओळखावीत. यांतील तिसरे सूत्र कोणत्याही प्रचारकी धर्माच्या जाहीरनाम्यात सहसा आढळणार नाही. येथे नाते ओळखणे हेच धर्माचरण आहे.

याचे कारण खासी समाजरचनेत आहे. हा समाज मातृवंशीय असून मूल आईच्या कुळाचे, म्हणजे ‘कुर’चे, मानले जाते. धाकटी मुलगी, ‘का खद्दुह’, वडिलोपार्जित घर सांभाळते. ते घर म्हणजे नुसती मालमत्ता नव्हे. कुळाचे विधी तेथेच होतात आणि मृतांच्या अस्थी कुळाच्या सामाईक शिलागृहात पोहोचविण्याचे उत्तरदायित्वही त्याच घराकडे असते. धाकट्या मुलीने धर्म बदलला तर तिचे स्थान तिच्याहून लगतच्या मोठ्या बहिणीकडे जाते, अशी रूढी पी. आर. टी. गुर्डन यांनी १९०७ च्या आपल्या ग्रंथात नोंदविली आहे. धर्मांतराचा आघात खासी समाजात कोठे होतो, हे यावरून स्पष्ट व्हावे. तो एका व्यक्तीच्या श्रद्धेपुरता राहत नाही. एका बहिणीने पाठ फिरविली की दुसरी पुढे येते. सर्वच बहिणी ख्रिस्ती झाल्या की त्या कुळाची चूल पेटती राहते, पण तिच्याभोवतीचे विधी थांबतात. अस्थी कोणी न्यायच्या, हा प्रश्न अनुत्तरित राहतो.

ही पोकळी भरण्यासाठी सेंग खासीने जे केले, त्यात तिचे यशही आहे आणि मर्यादाही. एप्रिल १९११ मध्ये शिलाँगच्या वेइकिंग मैदानावर ‘शाद सुक म्नसिएम’ हा नृत्योत्सव संस्थेने सुरू केला. आनंदी मनाने केलेले कृतज्ञतेचे नृत्य, असा त्या नावाचा आशय. अविवाहित मुली मुकुट आणि रेशमी वस्त्रे लेवून, दृष्टी खाली ठेवून, जमिनीवरून पाऊल न उचलता मधल्या वर्तुळात संथपणे सरकतात. पुरुष तलवार आणि चवरी घेऊन बाहेरच्या वर्तुळात फिरतात. आत कुळाचे बीज, बाहेर त्याचे रक्षण : समाजरचनेचेच हे चित्र मैदानावर साकार होते. निरनिराळ्या कुळांचे विधी निरनिराळ्या घरांत होत असत. येथे सारी कुळे प्रथमच एका मोकळ्या जागेत एकत्र आली. १९२१ मध्ये संस्थेने शाळा काढली आणि १९७३ मध्ये महाविद्यालय. स्वधर्म सोडल्याविना अक्षर शिकता येते, हे शाळेने सिद्ध केले आणि जुनी उतरंड तेथे मोडली.

मात्र मैदान घराची जागा पूर्णतः घेऊ शकत नाही. गावागावांत आणि कुळाकुळांत वेगळे असलेले आचार मुद्रित पुस्तकात व सार्वजनिक उत्सवात येताना एकसारखे होऊ लागतात. दुसरा विसंवाद अधिक सूक्ष्म आहे. धर्म राखण्याचा अधिकार ज्या समाजात धाकट्या मुलीकडे, त्या समाजात धर्मरक्षणाची संस्था सोळा पुरुषांनी स्थापन केली. सभा आणि मुद्रण यांच्या वासाहतिक सार्वजनिक विश्वात प्रवेश पुरुषांना होता, हे त्याचे कारण असावे. परंतु जे चुलीपाशी स्त्रीचे होते, त्याचे प्रवक्तेपण मैदानात पुरुषाकडे गेले, हे नाकारता येत नाही.

तरीही या संस्थेचा प्रभाव तिच्या अनुयायांच्या संख्येने मोजता येणार नाही. २०११ च्या जनगणनेनुसार मेघालयात ख्रिस्ती लोकसंख्या सुमारे ७५ टक्के होती, तर ‘इतर धर्म’ या रकान्यात जवळजवळ ९ टक्के लोक होते. खासी नियाम, जैंतियांचा नियामत्रे आणि गारोंचा सोंगसारेक या साऱ्यांना त्या एका निनावी रकान्यात दाटीने बसावे लागते. पण खासी समाजाच्या सात मूळ झोपड्यांची कथा १९३६ च्या आपल्या दीर्घकाव्यात ज्याने अजरामर केली, तो कवी सोसो थाम ख्रिस्ती होता. कुर एकच असल्यामुळे एका घरातील बहिणी वेगवेगळ्या प्रार्थनास्थळी गेल्या तरी कुळाचे नाव आणि सगोत्र विवाहाचा निषेध दोघींनाही बांधून ठेवतो. २३ नोव्हेंबर हा ‘सेंग कुट स्नेम’चा दिवस मेघालयात सार्वजनिक सुटीचा दिवस आहे. संस्थेच्या ध्वजावर कोंबड्याचे चिन्ह आहे. रुसून दडलेल्या सूर्याची मनधरणी करून त्याला परत आणणारा खासी कथेतील मध्यस्थ तो हाच. मध्यस्थाने स्वतः प्रकाश द्यावा अशी अपेक्षा नसते. सेंग खासीनेही घराघरांतील विधी परत आणले असे म्हणता येत नाही; त्यांच्यासाठी बोलणारा एक आवाज मात्र तिने शाबूत ठेवला.