हजार मुलगे, हजार मुली

अलौकिक बुद्धीचे पुरुष अधिक आणि मतिमंदही पुरुषच अधिक; स्त्रिया मात्र बहुतांशी मधल्या, सामान्य पातळीच्या, असे विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील नामवंत मानसशास्त्रज्ञ सांगत असत. मग स्त्रियांना उच्च शिक्षण देऊन काय साधणार, हा प्रश्न त्यातून आपसूक निघे. हे मत प्रत्यक्ष मोजून पाहणाऱ्या लेटा हॉलिंगवर्थ यांचे स्मरण आम्हांला येथे करावयाचे आहे.

त्यांचा जन्म १८८६ साली नेब्रास्कातला. त्या तीन वर्षांच्या असताना आई बाळंतपणात वारली, आजी-आजोबांनी सांभाळले. पदवी घेऊन त्या शिक्षिका झाल्या. १९०८ साली विवाह करून न्यूयॉर्कला आल्या, तर तेथील शाळांत विवाहित स्त्रीला नोकरी नाही! पुढे १९११ साली कोका-कोला कंपनीने त्यांचे पती हॅरी यांच्याकडून कॅफिनच्या परिणामांचे संशोधन करून घेतले, आणि त्या मिळकतीतून लेटाबाईंचे कोलंबिया विद्यापीठातील शिक्षण झाले. शीतपेयाचे असेही उपकार!

मतिमंदांच्या संस्थांत पुरुष अधिक दिसतात, हा त्या मताचा मोठा आधार होता. बुद्धिमापनाच्या कामावर असताना लेटाबाईंनी एक हजार प्रकरणे तपासली. लहान वयात मुलगे अधिक. वय वाढत जाई तसे स्त्रियांचे प्रमाण वाढे. कारण उघड होते. मुलग्याला बाहेरच्या जगात स्पर्धा करावी लागे, म्हणून त्याचे उणेपण लवकर उघडे पडे. मुलगी मात्र धुणीभांडी, पोरे सांभाळणे यांत खपून जाई. तिच्या बुद्धीची चौकशी करण्याची गरज कोणालाच पडत नसे. आम्हांला हे निरीक्षण त्यांच्या साऱ्या लेखनात मोलाचे वाटते.

१९१४ साली हेलन माँटेग्यू यांच्यासह त्यांनी एक हजार मुलगे आणि एक हजार मुली अशा नवजात अर्भकांची मापे अभ्यासली. मुलगे किंचित मोठे भरले, पण त्यांच्यांत विविधता अधिक असल्याचा पुरावा मिळाला नाही. मासिक पाळीत स्त्रीची कार्यक्षमता घटते, हा समजही त्यांच्या प्रबंधातील रोजच्या चाचण्यांपुढे टिकला नाही. विशेष म्हणजे, त्यांचे मार्गदर्शक एडवर्ड थॉर्नडाइक हे स्वतः पुरुषांतील अधिक विविधतेचे पुरस्कर्ते होते.

पुढे त्या असामान्य बुद्धीच्या मुलांकडे वळल्या. येथे मात्र आमचे त्यांच्याशी पटत नाही. बुद्धी मुख्यत्वे आनुवंशिक असते असे त्या मानीत, आणि सुप्रजननवादाची छाया त्यांच्या लेखनावर आहे. घराने मुलीची बुद्धी कशी झाकली जाते हे ज्यांनी दाखवले, त्यांनी गरिबीनेही ती झाकली जाते याचा पुरेसा विचार केला नाही. सक्तीच्या निर्बीजीकरणाचा निषेध पोप अकरावे पायस यांनी १९३० साली आपल्या विश्वपत्रात केला, तो याच वातावरणात.

१८० हून अधिक बुद्ध्यंक असलेल्या बारा मुलांचा अभ्यास त्यांच्या हातून अपुरा राहिला. १९३९ साली कर्करोगाने त्यांचे निधन झाले; हॅरी यांनी ते पुस्तक पूर्ण करून १९४२ साली प्रसिद्ध केले.