प्रयोगशाळेपासून मोहल्ल्यापर्यंत
(मुंबईच्या प्लेगच्या इतिहासातून घेण्यासारखा धडा)



पाठ्यपुस्तकात शास्त्रज्ञाचे चरित्र दीड पानात संपते. त्याने शोध लावला आणि मानवजातीचे कल्याण झाले, असे शेवटचे वाक्य असते. शोध लागणे आणि कल्याण होणे यांच्या मध्ये जो लांबलचक रस्ता असतो, त्याबद्दल पुस्तक फारसे बोलत नाही. तो रस्ता कधी वर्षभरात कापला जातो, कधी त्याला एक पिढी लागते. तो कापतो कोण, आणि कशाच्या बळावर? आपल्या मुंबई शहरात घडलेल्या एका प्रकरणावरून या प्रश्नाचे उत्तर शोधू या. या प्रकरणात आपल्या वस्त्यांचा व आपल्या लोकांचाही वाटा आहे, म्हणून ते प्रत्येक घरात ठाऊक असावयास हवे.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ गॅब्रिएल व्हिएगस यांनी प्लेगचे रोगी ओळखले. बंदराजवळची ही दाट वस्ती. धान्याची गोदामे, कोंदट चाळी आणि उंदरांचा सुळसुळाट. रोग झपाट्याने पसरला. काखेत वा जांघेत गाठ, सणकून ताप आणि थोड्याच दिवसांत मृत्यू! लाखो लोक शहर सोडून गावाकडे निघाले आणि त्यांच्याबरोबर रोगही निघाला.

प्लेगचा जंतू दोनच वर्षांपूर्वी, १८९४ साली, हाँगकाँगमध्ये सापडला होता. म्हणजे ज्ञान अगदीच नव्हते असे नाही. पण त्या ज्ञानाचा मांडवीतल्या माणसाला काडीचाही उपयोग नव्हता. सरकारने मग दंडुक्याचा मार्ग धरला. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथीच्या रोगांचा कायदा झाला. घरांची झडती, रोग्याला उचलून इस्पितळात नेणे, बाकीच्या कुटुंबाला छावणीत ठेवणे, रेल्वे स्टेशनवर प्रवाशांची अंगतपासणी असे उपाय सुरू झाले. पडदा पाळणाऱ्या स्त्रियांना परक्या पुरुषांनी तपासावे, ही गोष्ट हिंदू आणि मुसलमान दोघांनाही सारखीच झोंबली. पुण्यात त्याचा शेवट रँड यांच्या खुनात झाला, हे तुम्ही शिकलाच आहात. मुंबईतही ९ मार्च १८९८ रोजी दंगल उसळली. एका जुलाहा विणकराच्या घरातील आजारी मुलीला प्लेगचे पथक न्यावयास आले, ते वस्तीने अडविले आणि गोळीबारापर्यंत पाळी आली. मुलीला वाचविण्यासाठी आलेले लोक तिला मारावयास आले आहेत, असे वस्तीला वाटले. ज्या सत्तेने कधी प्रेमाने दार ठोठावले नाही, तिच्यावर लोकांनी एका रात्रीत विश्वास ठेवावा तरी कसा?

याच काळात, ऑक्टोबर १८९६ मध्ये, डॉ. वाल्देमार हाफकिन मुंबईत आले. ते १८६० साली ओदेसा येथे एका ज्यू कुटुंबात जन्मले. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी कॉलऱ्याची लस तयार केली आणि १८९२ साली प्रथम स्वतःला टोचून घेतली. पुढील वर्षी ते हिंदुस्थानात आले आणि कलकत्त्याच्या झोपडवस्त्यांत हिंदी डॉक्टरांना बरोबर घेऊन हिंडले. लस टोचणारा हात लोकांच्या ओळखीचा असला पाहिजे, हा धडा ते तेथेच शिकले असावेत.

मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये त्यांना एक खोली, एक व्हरांडा आणि मोजकी माणसे मिळाली. त्यांची कामाची रीत पाहण्यासारखी आहे. जंतू वाढविण्यासाठी मांसाचा रस लागे. गाईचे मांस वापरले तर हिंदू दुखावतील, डुकराचे वापरले तर मुसलमान. म्हणून त्यांनी बकऱ्याचे मांस घेतले. रसाच्या पृष्ठभागावर ते तुपाचे थेंब तरंगत ठेवीत. त्या थेंबांना धरून जंतूंची वाढ धाग्यांसारखी खाली लोंबे. पुढे उष्णता देऊन जंतू मारले जात आणि लस तयार होई. मित्रांनो, लोक काय विचारतील याचा विचार या संशोधकाने लोकांपुढे जाण्याआधी केला होता. ही लहान बाब नव्हे.

१० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी लस स्वतःला टोचून घेतली. ताप आला, हात दुखला, पण ते बरे झाले. महिनाअखेर भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला, तेव्हा राजी झालेल्या कैद्यांना लस देण्यात आली. टोचून घेतलेल्यांत रोगाचे प्रमाण इतरांपेक्षा स्पष्टपणे कमी दिसले. शास्त्राच्या दृष्टीने हा मोठाच विजय. पण तुरुंगातील आकडे भेंडीबाजारातल्या माणसाला काय सांगणार? लस सरकारची आहे, तिने माणूस मरतो, धर्म बाटतो, अशा अफवा घरोघर पोचल्या होत्या. अफवेला पाय असतात, अहवालाला नसतात.

येथे एक तरुण पुढे आला. आगाखान तिसरे, सर सुलतान महंमद शाह, त्या वेळी अवघ्या विशीच्या उंबरठ्यावर होते. आठव्या वर्षापासून ते खोजा इस्माइली जमातीचे इमाम होते. त्यांनी हाफकिन यांच्याकडून त्यांचे काम समजावून घेतले. मग सर्वांसमक्ष लस टोचून घेतली, एकदाच नव्हे तर पुन्हापुन्हा, आणि ही बातमी जमातीत सर्वदूर पोचेल अशी व्यवस्था केली. हजारो खोजा स्त्री-पुरुषांनी त्यांच्या मागोमाग लस घेतली. आपल्या मालकीची खुशरू लॉज ही वास्तूही त्यांनी १८९८ मध्ये हाफकिन यांच्या प्रयोगशाळेसाठी दिली. जमातीत प्लेगने होणारे मृत्यू घटलेले दिसले, तेव्हा शेजारपाजारचे लोकही विचार करू लागले. ज्या शहरात सरकारी पथकाला वस्ती दगड मारीत होती, त्याच शहरात लोक टोचून घेण्यास आपण होऊन येऊ लागले. लस तीच, सुई तीच. फरक पडला तो शब्द टाकणाऱ्या माणसामुळे.

मात्र केवळ वजनदार माणसाच्या शब्दावर कोणतेही औषध खरे ठरत नाही, हेही ध्यानात ठेवा. हाफकिन यांनी पुरावा गोळा करण्याचे काम थांबविले नाही. फेब्रुवारी १८९८ मध्ये बडोद्याजवळच्या उंढेरा गावात त्यांनी घराघरातील सुमारे निम्म्या माणसांना लस दिली व निम्म्यांना दिली नाही. टोचलेले होते ५१३. त्यांपैकी ८ जणांना प्लेग झाला व ३ दगावले. न टोचलेले होते ४३७. त्यांपैकी २७ जणांना प्लेग झाला व २६ दगावले. एकच गाव, एकच हवा, एकच चूल! हे कोष्टक सातवीचा मुलगाही समजू शकतो. लस पूर्ण संरक्षण देत नव्हती, हेही त्याच कोष्टकात प्रामाणिकपणे दिसते. आकडे असे उघडे ठेवले म्हणजे विश्वास टिकतो.

आणि हा विश्वास किती नाजूक असतो, तेही पाहा. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मलकोवाल गावी लस टोचलेल्यांपैकी १९ जण धनुर्वाताने मृत्यू पावले. ते सर्व एकाच बाटलीतून टोचलेले होते. ठपका हाफकिन यांच्या प्रयोगशाळेवर आला व त्यांना पदावरून दूर करण्यात आले. पुढे असे दिसून आले की गावात बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला. १९०७ मध्ये रोनाल्ड रॉस आदी नामवंत शास्त्रज्ञांनी लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये त्यांची बाजू मांडली, तेव्हा कोठे ते दोषमुक्त झाले. वर्षानुवर्षांची मेहनत एका पडलेल्या चिमट्याने धोक्यात आली! शोधाचे शेवटचे पाऊल खेड्यातल्या कंपाउंडरच्या हाती असते. म्हणून त्याचे शिक्षणही प्रोफेसरच्या शिक्षणाइतकेच मोलाचे आहे.

प्रयोगशाळा १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली आणि १९२५ साली तिला हाफकिन यांचे नाव देण्यात आले. तोपर्यंत मुंबईहून प्लेगच्या लशीचे २ कोटी ६० लाख डोस बाहेर गेले होते. पुढे प्लेगवर प्रतिजैविके आली व त्या जुन्या लशीची गरज उरली नाही. परळची संस्था आजही उभी आहे. मुंबईला जाल तेव्हा मुलांना ती बाहेरून तरी दाखवा.

पालकहो, ‘माझा मुलगा डॉक्टर व्हावा, मुलगी प्रोफेसर व्हावी’ ही तुमची इच्छा योग्यच आहे. पण सर्वच मुले संशोधक होणार नाहीत आणि त्याची आवश्यकताही नाही. आपल्या मोहल्ल्याला त्याहूनही तातडीने हवा आहे तो दुभाषा. डॉक्टरांचा कागद वाचून आईला घरच्या बोलीत समजावणारी मुलगी, नवे बियाणे आले तर ‘कोणत्या जमिनीत, किती पाण्यावर, कशाशी ताडून पाहिले?’ असे विचारणारा मुलगा, अफवा कानावर आली तर ती पुढे न ढकलता तिचा उगम शोधणारा तरुण, ही सारी त्याच रस्त्याची माणसे आहेत. रविवारी सकाळी बालकांना डोस पाजण्याचे केंद्र उघडते, तेव्हा शेजारणीच्या बाळाला हात धरून तेथपर्यंत नेणारी बाई शोधाचे शेवटचे शंभर पावले चालत असते.

आणि विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी जे उद्या खरोखर संशोधक होतील, त्यांनी बकऱ्याच्या मांसाची ती गोष्ट विसरू नये. ज्यांच्यासाठी संशोधन करावयाचे, त्यांच्या चुलीपर्यंत, त्यांच्या भीतीपर्यंत आणि त्यांच्या अब्रूपर्यंत आधी पोचा. तेथून परत येऊन प्रयोगशाळेचे दार उघडा. इल्म कपाटात ठेवावयाची वस्तू नाही. ती एका हातातून दुसऱ्या हातात जावयाची अमानत आहे. तुमचा हात त्या साखळीत कोठे आहे, हे ज्याचे त्याने ठरवावयाचे आहे.