दुसऱ्या दिवशीची भाकर

आमच्या हिंगोलीकडची जुनी माणसं वयाचा हिशेब दुष्काळावरून लावायची. आजी 1972 सालाला नुसतं 'बहात्तर' म्हणायची. खडी फोडून हाताला आलेले घट्टे, अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी, लेकरांच्या ओंजळीत पडणारी सुकडी हे सगळं ती सांगायची आणि मग म्हणायची, "बहात्तरला काम मिळालं, म्हणून माणूस गावात टिकला. माझ्या सासूनं पाहिलेला काळ निराळा. तरोट्याचा पालाही सरला, तशी माणसं घराला कडी लावून निघाली. वाटेत लेकरं मागं राहिली."

आजीच्या सासूनं पाहिलेला तो काळ म्हणजे एकोणिसाव्या शतकाची अखेर. 1896-97 आणि 1899-1900 असे दोन दुष्काळ लागोपाठ पडले. वाटेत मागं राहिलेल्या लेकरांचं पुढं काय झालं, हे आजीला ठाऊक नव्हतं. मध्य प्रांतातल्या अशा काही मुलींचं काय झालं, ते मला पुढं पंडिता रमाबाईंच्या चरित्रात सापडलं.

रमाबाईंनी भूक स्वतः भोगली होती. 1870च्या दशकातल्या दुष्काळात त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे गेले, पाठोपाठ आई लक्ष्मीबाई आणि थोरली बहीण. घर नव्हतंच, तीर्थामागून तीर्थ पायी तुडवत हिंडणारं हे कुटुंब. मरणाला टेकलेल्या आईसाठी शेजारणीकडं बाजरीची भाकर मागायला गेलेल्या रमाबाईंच्या तोंडून शब्द फुटेना. भाकर मिळाली, पण आईला ती खाववली नाही. खांदेकरी पुरेसे नव्हते, म्हणून मुलीनंच तिरडीला हात दिला. उंची कमी पडली, तेव्हा तिरडीचा भार डोक्यावर घेतला.

1883 साली इंग्लंडात त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. 1889 साली मुंबईत विधवा मुलींसाठी शारदा सदन काढलं आणि पुढं ते पुण्याला नेलं. 1897 साली त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, निराधार मुलींना घेऊन आल्या. त्यांची संख्या तीनशेच्या घरात गेली. पुण्यात प्लेगचा बंदोबस्त होता, एवढ्या मुलींना तिथं ठेवणं शक्य नव्हतं. मग केडगावच्या माळावर, फळबागेसाठी घेतलेल्या जमिनीवर तंबू आणि झोपड्या उभ्या राहिल्या. तेच पुढं मुक्ती सदन झालं. 1900च्या दुष्काळानंतर तिथल्या पानाला बसणाऱ्यांची संख्या दोन हजारांच्या आसपास पोचली.

दोन हजार पोटं रोज भरायची, तर देणग्यांवर भागत नाही. रमाबाईंनी विहिरी खोदल्या, शेती केली, गाईगुरं पाळली. मुली विणकाम, शिवणकाम शिकल्या, छापखान्यात खिळे जुळवू लागल्या. अंध मुलींना रमाबाईंची लेक मनोरमा ब्रेल शिकवू लागली. जिला कुणी उंबऱ्याशी उभं करत नव्हतं, ती स्वतःच्या हातानं मिळवून खाऊ लागली.

धर्मांतरावरून रमाबाईंवर टीकेचं मोहोळ उठलं, तो वाद आजही मिटलेला नाही. त्यावर मतभेद असोत. पण ती लेकरं वाटेत पडली होती तेव्हा टीका करणाऱ्यांपैकी किती जण त्यांच्यापर्यंत पोचले, हेही विचारायला हवं. रमाबाई पोचल्या आणि 1922 साली डोळे मिटेपर्यंत त्या मुलींच्याच सोबत राहिल्या.

रमाबाईंनी रोजच्या भाकरीची सोय लावली, आपलं दान मात्र बहुतेक सणापुरतं असतं. नाताळ आला की ठिकठिकाणची चर्चची मंडळी फुटपाथवरच्या माणसांना जेवण आणि ब्लँकेटं वाटतात. दसऱ्या-दिवाळीला आपणही फराळाची पाकिटं वाटतो. ते पुण्याचंच काम आहे, ते थांबू नये. पण सण सरला की भूक सरत नाही, आणि छप्पर नसलेल्याला थंडी रोजच वाजते. हिंगोलीच्या स्टेशनावर किंवा औंढ्याला नागनाथाच्या देवळाबाहेर बसलेल्या माणसाच्या हाती पाकीट ठेवाल, तेव्हा क्षणभर थांबा. त्याचं गाव विचारा, रात्री कुठं निजतो ते विचारा. निवारा, दवाखाना, हाताला काम यांतलं जे आपल्याला जमेल, ते मिळवून द्या. सणाचं जेवण जरूर घाला, पण दुसऱ्या दिवशीच्या भाकरीची सोय लावल्याशिवाय ते दान पुरं झालं असं मानू नका.