सेल्फ फायनान्स शाळेत काय मिळतं आणि आठवीनंतर काय सुटतं : वाशीम जिल्ह्यातील पालकांसाठी माहिती

वाशीम : उन्हाळा लागला की वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा या सहाही तालुक्यांत रस्त्याच्या कडेला 'प्रवेश सुरू' असे फलक दिसू लागतात. इंग्रजी माध्यम, सीबीएसई, डिजिटल क्लासरूम, घरापर्यंत बस. यातल्या बऱ्याच शाळा स्वयंअर्थसहाय्यित, म्हणजे बोलीभाषेत 'सेल्फ फायनान्स'. मुलं-मुली एकत्र शिकतात, शासनाचं वेतन अनुदान नाही, खर्च सगळा पालकांच्या फीवर. अशी शाळा दहावीपर्यंत लेकराला नेमकं काय देते, हे पहिलीच्या प्रवेशाच्या वेळी फारसं कोणी विचारत नाही. नववीत गेल्यावर मग हिशोब लागतो.

संस्थेची शाळा या भागाला नवी नाही. कारंजा येथे महावीर ब्रह्मचर्याश्रम १९१८ साली सुरू झाला. पुढे डॉ. पंजाबराव देशमुखांच्या श्री शिवाजी शिक्षण संस्थेने वऱ्हाडभर शाळा काढल्या आणि शेतकऱ्यांची पोरं मॅट्रिकपर्यंत पोहोचली. पण जुन्या संस्थांच्या बहुतेक शाळा अनुदानावर आल्या. मास्तरांचा पगार शासन देतं, त्यामुळे फी नाममात्र राहते. २०१२ च्या महाराष्ट्र स्वयंअर्थसहाय्यित शाळा (स्थापना व विनियमन) अधिनियमाने मात्र कायम स्वतःच्या पैशावर चालणाऱ्या शाळांचा रस्ता मोकळा केला. या शाळेला पुढे कधी तरी अनुदान मिळेल आणि फी कमी होईल, या आशेवर कोणी राहू नये. परवानगीच अनुदान न मागण्याच्या अटीवर असते.

हातात काय पडतं

चांगली सेल्फ फायनान्स शाळा देते त्या गोष्टी खऱ्या आहेत, त्या नाकारण्यात अर्थ नाही. वर्गावर शिक्षक हजर असतो. इंग्रजी कानावर पडतं. दारात बस येते. शेलूबाजार, शिरपूर, अनसिंग, मेडशी, केनवड अशा मोठ्या गावांच्या आसपासच्या खेड्यांत सातवी-आठवीनंतर मुलीला रोज पाठवायचं कसं, हा घराघरातला प्रश्न आहे. मुलींची वेगळी शाळा तालुक्याच्या गावी असली तर असते, खेड्यात नसते. त्यामुळे सहशिक्षणाची शाळा आणि तिची बस हीच अनेक मुलींची दहावी ठरते.

बसचे नियम ठरलेले आहेत. २०११ च्या स्कूल बस नियमावलीनुसार प्रत्येक शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती लागते. बसमध्ये प्रथमोपचार पेटी, अग्निशामक आणि आपत्कालीन दरवाजा पाहिजे, मुली असतील तर महिला मदतनीस पाहिजे. खेड्याच्या फेरीला लावलेल्या काळीपिवळीत यातलं किती दिसतं ते पालकांनी एकदा स्वतः चढून पाहावं. एसटीने जाणाऱ्या मुलींसाठी अहिल्यादेवी होळकर योजनेचा मोफत पास आहे. त्याला शाळेच्या सहीशिक्क्याचा अर्ज लागतो. ज्या गावाला एसटीची वेळ जुळते तिथे बसफीचे हजारो रुपये वाचू शकतात.

मुलं-मुली एकत्र शिकतात म्हटल्यावर स्वच्छतागृहं वेगळी हवीत, ही आरटीई कायद्याचीच अट आहे. प्रत्येक शाळेत सखी सावित्री समिती असावी असा शासनाचा २०२२ चा निर्णय आहे. २०२४ साली बदलापूरची घटना घडल्यावर सीसीटीव्हीही सक्तीचे झाले. समितीतील सदस्यांची नावं शाळेच्या फलकावर आहेत का आणि तक्रारपेटी कोण, कधी उघडतं, हे दोन प्रश्न विचारायला संकोच नको. ज्या शाळेत समिती खरंच बसते तिथे उत्तर लगेच मिळतं.

प्रयोगशाळेचंही तसंच. राज्य मंडळाच्या दहावीत विज्ञानाचे १०० पैकी ८० गुण लेखी आणि २० प्रात्यक्षिकाचे असतात. काही शाळांत नीती आयोगाची अटल टिंकरिंग लॅब असते. तिला २० लाखांपर्यंत अनुदान मिळतं आणि ती खासगी शाळेलाही मिळू शकते. लॅब आहे की नाही यापेक्षा तिचं कुलूप आठवड्यातून किती वेळा उघडतं ते महत्त्वाचं. हे मास्तरांना नाही, त्या शाळेतल्या आठवीच्या पोराला विचारावं.

आठवीनंतरचा खड्डा

खरा अडचणीचा भाग इथून सुरू होतो. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे, पण तो ६ ते १४ वयोगटासाठी, म्हणजे आठवीपर्यंत. खासगी विनाअनुदानित शाळेत प्रवेशाच्या पहिल्या वर्गात २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकातील मुलांसाठी राखीव असतात. अल्पसंख्याक संस्थांना हे लागू नाही. महाराष्ट्रात अनुसूचित जाती-जमाती, विमुक्त-भटक्या, इतर मागास यांना उत्पन्नाची अट नाही, खुल्या प्रवर्गाला वर्षाला १ लाखाची मर्यादा आहे. प्रवेश ऑनलाइन सोडतीने होतो. सरकारी किंवा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असेल तर खासगी शाळेला यातून सूट देण्याचा बदल शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये केला होता. मुंबई उच्च न्यायालयाने तो जुलै २०२४ मध्ये रद्द केला, त्यामुळे या जागा कायम आहेत.

पण ही मोफत जागा आठवीच्या निकालाबरोबर संपते. नववीपासून शाळा पूर्ण फी मागू शकते. आठ वर्षं एकाच शाळेत, इंग्रजीत शिकलेलं लेकरू त्या जूनमध्ये दोन रस्त्यांवर उभं राहतं : फी भरा, नाही तर दाखला काढून गावाजवळच्या मराठी माध्यमाच्या हायस्कुलात जा. विज्ञान-गणिताचे सगळे शब्द त्याला इंग्रजीत माहीत, आणि दहावी दोन वर्षांवर. ज्या घरात सोयाबीनच्या बियाण्याचे आणि खताचे पैसे जूनमध्येच लागतात तिथे फीचा आकडा त्याच पंधरवड्यात समोर येतो. म्हणून २५ टक्क्यांत नंबर लागला तरी पहिलीतच विचारावं : नववीची फी आज किती आहे, आठवी झालेल्या आरटीईच्या मुलांना आतापर्यंत काही सवलत दिली का, आणि सोयाबीन घरात आल्यावर, दिवाळीच्या आसपास भरता येईल असा हप्ता आहे का. लेखी मिळालं तर उत्तम.

दुसरं नुकसान फारसं कोणाच्या लक्षात येत नाही. आठवीत होणारी एनएमएमएस शिष्यवृत्ती परीक्षा पास झाली तर नववी ते बारावी दरमहा १,००० रुपये, म्हणजे चार वर्षांत ४८,००० रुपये मिळतात. कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा साडेतीन लाख आहे, कोरडवाहू शेतकऱ्याचं बहुतेक घर त्यात बसतं. पण ही परीक्षा फक्त शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळेतील मुलांना देता येते. सेल्फ फायनान्स शाळेतलं हुशार पोर तिला बसूच शकत नाही. जिल्हा परिषद आणि अनुदानित शाळेत आठवीपर्यंत मिळणारी मोफत पाठ्यपुस्तकं आणि दुपारचा आहारही इथे नाही. फीचा आकडा मांडताना या न मिळणाऱ्या गोष्टीही त्याच वहीत धराव्या लागतात.

तिसरी गोष्ट नवोदयची. वाशीमचं जवाहर नवोदय विद्यालय हेही सहशिक्षणाचंच, पण निवासी आणि केंद्र शासनाचं. सहावीला ८० पर्यंत जागा, त्यात किमान ७५ टक्के ग्रामीण मुलांना आणि एकतृतीयांश मुलींना. ग्रामीण जागेसाठी तिसरी, चौथी आणि पाचवी ही तिन्ही वर्षं ग्रामीण भागातल्या मान्यताप्राप्त शाळेत पूर्ण केलेली असावी लागतात. चांगली शाळा म्हणून तिसरीत पोराला नगरपरिषद हद्दीतल्या शाळेत टाकलं, तर राहायला खेड्यात असूनही तो ग्रामीण कोट्यातून बाहेर पडतो. गावातल्याच शाळेत पाचवीपर्यंत ठेवून नवोदयची तयारी करून घेणारे पालक भोळे नाहीत, हिशोबी आहेत.

फी कोण ठरवतं

संस्थाचालक एकटे ठरवत नाहीत, निदान कायद्याने तरी नाही. महाराष्ट्र शैक्षणिक संस्था (शुल्क विनियमन) अधिनियम २०११ नुसार शाळा सुरू झाल्यापासून ३० दिवसांत पालक-शिक्षक संघ स्थापन व्हायला पाहिजे. त्यातून सोडतीने कार्यकारी समिती निवडायची असते. व्यवस्थापनाने पुढच्या वर्षाच्या फीचा प्रस्ताव सहा महिने आधी या समितीपुढे ठेवायचा, आणि मंजूर फी दोन शैक्षणिक वर्षं बदलायची नाही. ग्रामीण भागात ही सभा अनेकदा रजिस्टरवरच होते, सह्या गेटवर घेतल्या जातात. सोयाबीन सोंगणीच्या दिवसांत सभा ठेवली तर शेतकरी पालक येणार तरी कसा? तरीपण सही करण्याआधी वरचा मजकूर वाचणं आपल्याच हातात आहे. देणगी म्हणून मागितलेला पैसा १९८७ च्या कॅपिटेशन फी प्रतिबंध कायद्याने बंद आहे. दिलेल्या प्रत्येक रुपयाची पावती घ्यावी. वह्या, गणवेश अमुकच दुकानातून घ्या अशी सक्तीही करता येत नाही.

मान्यता आणि निकालाची पाटी

मान्यता कोणत्या वर्गापर्यंत आहे, हे फलकावरून कळत नाही. शाळेला आठवीपर्यंतच मान्यता आणि नववी-दहावीची नावं दुसऱ्याच शाळेच्या पटावर, असे प्रकार राज्यात उघड झालेले आहेत. अशा वेळी दहावीच्या गुणपत्रिकेसाठी अर्ज भलत्याच शाळेतून भरला जातो. तपासायचं सोपं आहे. प्रत्येक शाळेला ११ अंकी यू-डायस क्रमांक असतो, तो मागून यू-डायसच्या संकेतस्थळावर शाळा शोधावी : वर्ग कोणते, शिक्षक किती, खोल्या किती, सगळं दिसतं. सीबीएसईची शाळा असेल तर संलग्नता 'सेकंडरी'पर्यंत आहे का ते मंडळाच्या यादीत पाहावं. राज्य मंडळाची असेल तर वाशीम जिल्हा अमरावती विभागीय मंडळात येतो. 'सीबीएसई पॅटर्न' असं लिहिलेली शाळा सीबीएसईची असेलच असं नाही. पॅटर्न हा शब्द मंडळाच्या मान्यतेत कुठेच नसतो.

निकालाच्या पाटीबद्दलही थोडं. 'दहावीचा निकाल १०० टक्के' हे खरं असू शकतं. फक्त त्याच मुलांची आदल्या वर्षीची नववीची पटसंख्या विचारावी. नववीत ४० आणि दहावीत २६ असतील, तर मधले १४ कुठे गेले ते कळायला हवं. नववीत नापास करून किंवा 'दाखला घेऊन जा' म्हणून कच्ची पोरं गाळली, तर उरलेल्यांचा निकाल शंभर टक्केच लागणार.

माध्यमाबाबत एक पर्याय विसरला जातो. अनेक अनुदानित मराठी शाळांत सेमी इंग्रजीची तुकडी असते, विज्ञान आणि गणित इंग्रजीत, बाकी मराठीत. ज्या घरात अभ्यास घ्यायला इंग्रजी येणारं कोणी नाही, तिथे पूर्ण इंग्रजी शाळेच्या फीला शिकवणीची फी जोडूनच खर्च धरावा. आणि शाळा कोणत्याही मंडळाची असो, २०२० च्या कायद्याने पहिली ते दहावी मराठी शिकवणं तिला बंधनकारक आहे. अकरावीचे प्रवेश २०२५-२६ पासून राज्यभर ऑनलाइन झाले आहेत, त्यात दोन्ही मंडळांची मुलं एकाच यादीत येतात.

शाळा बदलायची वेळ आली आणि थकीत फीसाठी दाखला अडवला, तर आठवीपर्यंतच्या मुलाला दाखल्यावाचून दुसरी शाळा प्रवेश नाकारू शकत नाही, हे आरटीईच्या कलम ५ मध्येच आहे. नववी-दहावीलाही शासकीय आणि अनुदानित शाळेने दाखल्याअभावी मुलाला परत पाठवू नये, जन्माच्या पुराव्यावर प्रवेश द्यावा, असा शासनाचा २०२१ चा निर्णय आहे. अर्ज आठवीपर्यंत असेल तर पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे, नववी-दहावीसाठी वाशीम जिल्हा परिषदेत शिक्षणाधिकारी (माध्यमिक) यांच्याकडे द्यायचा. दोन प्रती न्याव्यात आणि एकीवर आवक क्रमांकाचा शिक्का घेऊनच तिथून निघावं.