मोटारीची नाडीपरीक्षा : एका हुन्नराचा इतिहास

मोटारगाडीचा जो इतिहास आपण शाळेत शिकतो तो शोध लावणाऱ्यांचा. निकोलाउस ऑटोने १८७६ मध्ये चार स्ट्रोकचे इंजिन चालवून दाखविले, कार्ल बेंझने १८८६ मध्ये आपल्या तीनचाकी गाडीचे पेटंट घेतले, एवढे पाठ केले की परीक्षेपुरते काम भागते. परंतु यंत्र जन्माला आले की त्याच्या पाठोपाठ त्याचा बिघाडही जन्माला येतो. तो बिघाड ओळखणाऱ्यांचा आणि दूर करणाऱ्यांचा इतिहास मात्र फारसा कोणी लिहिलेला नाही. ज्यांनी तो घडविला त्यांच्या हातात लेखणी नव्हती, पाना होता. आपल्या वाचकांपैकी कित्येकांच्या घरची चूल याच पान्यावर पेटली आहे. म्हणून हा विषय स्मरणिकेसाठी निवडला आहे.

या हुन्नराची सुरुवात एका गृहिणीपासून होते, हे वाचून अनेकांना नवल वाटेल. १८८८ च्या ऑगस्टमध्ये कार्लची पत्नी बेर्था बेंझ आपल्या दोन मुलांना बरोबर घेऊन मानहाइमहून फोर्झहाइमला, म्हणजे आपल्या माहेरी, मोटारीने निघाली. अंतर सुमारे शंभर किलोमीटर. तोपर्यंत एवढा लांबचा प्रवास कोणीही मोटारीने केलेला नव्हता. वाटेत पेट्रोलपंप नव्हता, गॅरेज नव्हते, मिस्त्री नव्हता. इंधन संपले तेव्हा तिने वीसलोख गावच्या औषधाच्या दुकानातून ते विकत घेतले. इंधनाची नळी तुंबली, ती तिने टोपीच्या पिनेने साफ केली. ठिणगीच्या तारेचे आवरण झिजले, तेथे मोजे बांधण्याची पट्टी गुंडाळली. ब्रेकचे लाकूड घासून गेले तेव्हा चांभाराकडून त्यावर चामडे ठोकून घेतले. चढावर गाडी दमू लागली की मुले उतरून ढकलीत. घरी परतल्यावर, चढासाठी आणखी एक गिअर पाहिजे, असा अभिप्राय तिने नवऱ्याला दिला. बारकाईने पाहिल्यास इंधन, ठिणगी, ब्रेक आणि गिअर हे पुढील शंभर वर्षांच्या गॅरेजचे चारही विभाग या एका प्रवासात येऊन गेले.

सुरुवातीच्या श्रीमंतांनी मोटार घेतली की तिच्याबरोबर माणूसही ठेवावा लागे. ‘शोफर’ हा शब्द फ्रेंच असून त्याचा मूळ अर्थ भट्टी पेटविणारा असा आहे. तो चालक कमी आणि यंत्रसेवक अधिक असे. गाडी हँडल मारून सुरू करावी लागे आणि इंजिन उलटा झटका देई तेव्हा मनगट मोडत असे. अमेरिकेतील चार्ल्स केटरिंग याने विजेचा स्टार्टर तयार केला व तो १९१२ च्या कॅडिलॅक गाड्यांत बसविण्यात आला. बॅटरी, कॉइल आणि पॉइंट यांच्या साह्याने ठिणगी पाडण्याची जी पद्धत पुढे साठ-सत्तर वर्षे जगभर चालली तीही याच माणसाच्या नावाने ओळखली जाते.

ही पद्धत विद्यार्थ्यांनी नीट समजून घ्यावी, कारण जुन्या गाडीचे निम्मे दुखणे येथेच असते. बॅटरीचा बारा व्होल्टचा प्रवाह कॉइलमधून वाहतो. डिस्ट्रिब्युटरमधील पॉइंट उघडताच तो प्रवाह तुटतो व कॉइलच्या दुसऱ्या वेटोळ्यात हजारो व्होल्टचा दाब उत्पन्न होतो; तोच प्लगवर ठिणगी पाडतो. चार सिलिंडरचे इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे फिरत असेल, तर दर सेकंदाला शंभर ठिणग्या पडल्या पाहिजेत. पॉइंटमधील फट थोडी कमी-जास्त झाली, किंवा कंडेन्सर निकामी होऊन पॉइंट जळू लागले, की त्या शंभरांतील काही चुकतात आणि चालक म्हणतो, “गाडी मिसिंग करते.”

गिअरची कथा अशीच आहे. फ्रान्समधील पानार-लेव्हासोर कंपनीने १८९१ च्या सुमारास पुढे इंजिन, मध्ये क्लच आणि गिअरपेटी, मागच्या चाकांना गती, अशी रचना रूढ केली. त्या पेटीत दातेरी चाके सरकवून एकमेकांत अडकवीत असत. दोन्हींची गती जुळली नाही तर दात करकरत व कधी तुटतही. म्हणून ‘डबल क्लच’ मारण्याची कला आली : क्लच दाबून गिअर न्यूट्रलला आणावा, क्लच सोडून ॲक्सिलरेटर हलका दाबावा, पुन्हा क्लच दाबून खालचा गिअर टाकावा. १९२८ मध्ये कॅडिलॅकने सिंक्रोमेश आणले. त्यात पितळी कड्यासारखा भाग आधी घर्षणाने दोन्ही गती सारख्या करतो व मग दात जुळतात. तथापि आपल्याकडील अँबॅसडरमध्ये पहिल्या गिअरला ही सोय नव्हतीच. गाडी पूर्ण थांबण्यापूर्वी पहिला गिअर टाकणाऱ्या नवशिक्याला उस्तादाची शिवी का मिळे, याचे शास्त्रीय कारण हे आहे.

आता आपल्या देशाकडे वळू. मुंबईत १९२८ साली जनरल मोटर्सने गाड्या जुळविण्याचा कारखाना काढला. १९४२ मध्ये हिंदुस्थान मोटर्स आणि १९४४ मध्ये वालचंद हिराचंद यांची प्रीमियर ऑटोमोबाइल्स या कंपन्या निघाल्या. प्रीमियरचा कारखाना कुर्ल्याला होता. स्वातंत्र्यानंतर सरकारचे धोरण असे झाले की जो येथे गाडी बनवील त्यालाच राहता येईल. परदेशी कंपन्या १९५३-५४ च्या सुमारास निघून गेल्या. रस्त्यावर मुख्यत्वे उरल्या त्या इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्डवरून घेतलेली अँबॅसडर, इटलीच्या फियाट अकराशेवरून घेतलेली आणि १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी म्हणविली गेलेली गाडी, आणि मद्रासची स्टँडर्ड. १९८३ च्या डिसेंबरात मारुती येईपर्यंत हेच चित्र होते.

या धोरणाने ग्राहकाचे हाल झाले, हे मान्यच केले पाहिजे. गाडीसाठी लोक वर्षानुवर्षे नाव नोंदवून बसत. पण दुरुस्तीच्या इतिहासात त्याचा एक विलक्षण परिणाम झाला. गाडी बदलत नव्हती, म्हणून मिस्त्रीचे ज्ञान शिळे होत नव्हते. वडिलांनी फियाटचे इंजिन उतरविले, मुलानेही तेच उतरविले. नवा भाग मिळणे दुरापास्त, म्हणून जुना भाग जगविण्याकडे कल. बोअर घासून मोठा करावा, त्यात मोठे पिस्टन आणि नव्या रिंगा घालाव्यात. क्रँक घासून अंडरसाइज बेअरिंग बसवावीत. कुर्ल्याच्या सी. एस. टी. रोडवरील जुन्या सुट्या भागांचा बाजार याच गरजेतून फोफावला. उन्हाळ्यात घाटात पेट्रोलची नळीतच वाफ होऊन गाडी बंद पडे. चालक खाली उतरून पेट्रोलपंपावर ओले फडके टाकी आणि विडी संपेपर्यंत वाट पाही. लोक यावर हसतात. पण वाफ थंड करून पुन्हा द्रव करणे हे शुद्ध पदार्थविज्ञान आहे.

चांगला उस्ताद रोग कसा ओळखी ते सांगितल्याशिवाय या लेखाला अर्थ नाही. धूर तो आधी पाही. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळते आहे. काळा म्हणजे पेट्रोल जास्त जाते, कार्बुरेटर किंवा चोक तपासावा. गरम इंजिनातूनही पांढरी वाफ थांबत नसेल तर पाणी आत शिरते आहे, हेड गॅस्केट गेले असावे. मग चालू इंजिनावर एकेका प्लगची तार काढून पाही. तार काढताच इंजिन डळमळले, तर तो सिलिंडर काम करीत होता. काहीच फरक पडला नाही, तर आजारी तोच. (हा प्रयोग आजच्या गाडीवर करू नये. विजेचा झटका बसतो आणि आतील यंत्रणाही बिघडते.)

आजारी सिलिंडर सापडल्यावर दाबाचा गेज लावावा. दाब कमी निघाल्यास प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल ओतून पुन्हा मोजावे. आता दाब वाढला, तर रिंगा झिजल्या आहेत, कारण ऑइलने त्यांची फट तात्पुरती बुजविली. वाढला नाही, तर गळती वर आहे, व्हॉल्व्हपाशी. शेजारशेजारचे दोन्ही सिलिंडर कमी दाखवीत असतील, तर त्या दोहोंमधील गॅस्केट जळाले असण्याचा संभव मोठा. विद्यार्थी मित्रांनो, ही तर्कशास्त्राची परीक्षा आहे. भूमितीतील सिद्धतेहून ती कमी प्रतीची नाही. एका चमचा ऑइलने ग्राहकाचा नाहक खर्च वाचतो. ज्या गॅरेजात हा चमचा नसतो तेथे सरसकट इंजिन उतरविण्याचा सल्ला मिळतो.

गिअरपेटीचे निदान कानाने होते. न्यूट्रलमध्ये आवाज येतो आणि क्लच दाबताच थांबतो, तर दोष पेटीच्या आतील बेअरिंगमध्ये. उलट क्लच दाबल्यावरच आवाज येतो, तर दोष क्लचच्या रिलीज बेअरिंगमध्ये. पहिल्या तीन गिअरमध्ये घरघर आणि चौथ्यात शांतता, तर खालचा दांडा, म्हणजे लेशाफ्ट, तपासावा. कारण या गाड्यांत चौथ्या गिअरला शक्ती सरळ जाते, लेशाफ्टवर भार पडत नाही. गिअर आपोआप सुटत असेल तर स्प्रिंग, फोर्क किंवा दात झिजलेले. मात्र पेटी उघडण्यापूर्वी एक गोष्ट पाहावी. या गाड्यांचा गिअरचा दांडा स्टिअरिंगला असे व तेथून पेटीपर्यंत लांब सळ्या जात. त्यांची बुशे झिजली की गिअर मध्येच अडके. तेव्हा टॅक्सीवाले भर रस्त्यात बॉनेट उघडून सळी हलवीत. दोष दहा-वीस रुपयांच्या बुशाचा आणि बदनामी गिअरपेटीची!

हे सारे ज्ञान पुस्तकात नव्हते असे नाही. कंपनीचे मॅन्युअल होते, पण इंग्रजीत होते, आणि ते वाचू शकणारा मुलगा गॅरेजात येत नसे. जो येई तो चौथी-पाचवीतून शाळा सोडून आलेला. दोन-तीन वर्षे पाने पुसणे, चहा आणणे, मग नट सोडविणे, अशी त्याची तालीम. हात तयार होई. कान तर असा तयार होई की दहा कदमांवरून टॅपेटचा आवाज सांगावा. ‘का’ असे विचारले की तो गप्प. उस्तादही गप्प, कारण त्यालाही कोणी सांगितलेले नव्हते. पालकांनो, हे कोणाला हिणविण्यासाठी लिहिलेले नाही. सरकारने १९५० पासून आय.टी.आय.ची योजना चालविली, १९६१ मध्ये उमेदवारीचा कायदा केला. तथापि त्यांच्या दारापर्यंत पोहोचण्यास जेवढी शाळा लागते तेवढीच आपल्या मुलांची कमी पडत होती. आता मोटर मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम दहावीनंतर आहे आणि २०१६ च्या दुरुस्तीनंतर कायद्याने चौदा वर्षांखालील मुलास दुसऱ्याच्या गॅरेजात ठेवताच येत नाही.

गाडी न बदलण्याचे युग संपले तेव्हा ‘का’ न कळण्याची किंमत मोजावी लागली. पहिला धक्का पेट्रोलने दिला. त्यात शिसे मिसळले तर इंजिनची ठोकर बंद होते, हे १९२१ मध्ये केटरिंगच्याच हाताखालील थॉमस मिजली याने शोधले होते. शिसे विषारी, मुलांच्या मेंदूस घातक. भारतात ते १ फेब्रुवारी २००० पासून पूर्णपणे बंद झाले आणि ते योग्यच झाले. पण शिशाचा एक थर व्हॉल्व्हच्या बैठकीचे रक्षण करीत असे. बिडाचे हेड असलेल्या जुन्या इंजिनांत तो गेल्यावर बैठका खचू लागतात, टॅपेटची फट पुन्हा पुन्हा बुजते, दाब जातो. कारण माहीत असलेला माणूस हेडमध्ये कठीण धातूची कडी बसवून देतो. कारण माहीत नसलेला दर महिन्याला टॅपेट लावीत बसतो.

दुसरा धक्का कार्बुरेटर गेल्याचा. इंधन मोजण्याचे काम संगणकाकडे आले. अमेरिकेत १९९६ पासून प्रत्येक नव्या मोटारीत बिघाडाची नोंद ठेवणारी एकसारखी यंत्रणा सक्तीची झाली. आपल्याकडे भारत स्टेज चारच्या नियमांबरोबर, २०१० नंतर, ती आली. मुंबईतील पद्मिनी टॅक्सी सी.एन.जी.वर आणखी काही वर्षे चालल्या. काळी-पिवळी म्हणून नोंदलेली शेवटची पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आर.टी.ओ.त नोंदविली गेली होती. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्याने ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यावर टॅक्सी म्हणून पद्मिनी उरली नाही.

काही जुने मिस्त्री म्हणतात की आता स्कॅनर लावला की यंत्रच रोग सांगते, आमचे काम संपले. हे खरे नाही. स्कॅनर ‘पी ०३०३’ असा अंक दाखवितो. त्याचा अर्थ एवढाच की तिसऱ्या सिलिंडरमध्ये ठिणगी किंवा जळण चुकते आहे. प्लग, कॉइल, इंजेक्टर की दाब, हे तो सांगत नाही. तिसऱ्याचा प्लग आणि कॉइल दुसऱ्याशी अदलाबदल करून पाहावे लागते; दोष त्यांच्याबरोबर सरकला नाही तर पुढे इंजेक्टर; तोही ठीक निघाला तर गेज आणि चमचाभर ऑइल.