पदवीचा विषय आणि प्रश्नाचा विषय : आफ्रिकाना अभ्यास आणि मराठवाडा

कृष्णवर्णीय अमेरिकन साहित्याशी मराठी साहित्यविचाराचा आलेला संबंध बहुधा १९७२ मधील दलित पँथरच्या स्थापनेपासून सांगितला जातो. प्रेरणा आणि प्रभाव यांच्या परिभाषेत केलेली ही मांडणी चुकीची नाही. ती अपुरी आहे. कोणते ज्ञान कोणत्या संस्थेत, कोणाच्या पैशावर आणि कोणत्या पदवीच्या नावाखाली मिळवले गेले, हा प्रश्न तीत उपस्थितच होत नाही. तो उपस्थित केला की एक वस्तुस्थिती वारंवार समोर येते : अभ्यासकाच्या पदवीचा विषय एक होता आणि त्याच्या जगण्यातून आलेला प्रश्न दुसराच होता.

डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस १८९२ मध्ये स्लेटर फंडाच्या साहाय्याने बर्लिनला गेले. फंडाने पुढील मदत नाकारल्यामुळे तेथील डॉक्टरेट अपुरी राहिली आणि १८९५ मध्ये त्यांनी हार्वर्डची पदवी घेतली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये बडोदे संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर, परतल्यावर संस्थानची नोकरी करण्याच्या करारासह, कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये त्यांना लंडनचा अभ्यास अर्धवट सोडून परतावे लागले. डु बॉइस यांना निदान हार्वर्डच्या प्रबंधात गुलामांच्या व्यापाराच्या निर्मूलनाचा इतिहास लिहिता आला. आंबेडकरांची कोलंबियाची डॉक्टरेट मात्र प्रांतिक अर्थव्यवस्थेवरील आहे. जातिसंस्थेवरचा त्यांचा निबंध १९१६ मध्ये मानववंशशास्त्राच्या एका चर्चासत्रात वाचला गेला. १९४६ मध्ये त्यांनी डु बॉइस यांना पत्र लिहिले, तेही कोणत्याही विद्याशाखेच्या आधाराशिवाय.

हीच विभागणी मराठवाड्यातही दिसते. प्रा. म. ना. वानखेडे यांनी साठच्या दशकात फ्लोरिडा विद्यापीठात डॉक्टरेटसाठी संशोधन केले, ते वॉल्ट व्हिटमन आणि तंत्रमार्ग यांच्या तुलनेवर. परतल्यानंतर औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, मिलिंद महाविद्यालयाच्या परिसरात त्यांनी दलित लेखकांसमोर ठेवले ते मात्र कृष्णवर्णीयांचे साहित्य. लातूरच्या राजर्षी शाहू महाविद्यालयाचे प्राचार्य आणि पुढे नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झालेले डॉ. जनार्दन वाघमारे यांनी ‘अमेरिकन निग्रो : साहित्य आणि संस्कृती’ हा ग्रंथ मराठीत लिहिला. इंग्रजीच्या प्राध्यापकाने हा विषय मराठी वाचकासाठी मांडावा, यातच त्याचे सामाजिक प्रयोजन व्यक्त होते. या व्यासंगाचे मोल मोठे आहे. पण तो व्यक्तींच्या बळावर उभा राहिला, विद्याशाखेच्या नव्हे.

अमेरिकेत घडले ते वेगळे. सॅन फ्रान्सिस्को स्टेट महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी नोव्हेंबर १९६८ ते मार्च १९६९ या काळात संप केला आणि कृष्णवर्णीयांच्या अभ्यासाचा स्वतंत्र विभाग मिळवला. १९६९ मध्ये कॉर्नेल विद्यापीठात आफ्रिकाना अभ्यास केंद्र स्थापन झाले. १९८८ मध्ये टेंपल विद्यापीठात या क्षेत्रातील पहिला डॉक्टरेटचा अभ्यासक्रम सुरू झाला. आज अशा अनेक अभ्यासक्रमांत निवड झालेल्या विद्यार्थ्याला शुल्कमाफी आणि काही वर्षांचे विद्यावेतन मिळते; मोबदल्यात तो बहुधा अध्यापनसाहाय्य करतो. म्हणजे प्रश्न, पदवी आणि पैसा ही तिन्ही सूत्रे एकाच ठिकाणी येतात. भारतातील आफ्रिका-अभ्यासाची दिशा यापेक्षा निराळी राहिली. दिल्ली विद्यापीठात १९५५ मध्ये आणि मुंबई विद्यापीठात १९७१ मध्ये त्याची केंद्रे निघाली, ती आफ्रिका हा भूप्रदेश मानून. ‘आफ्रिकाना’ या संज्ञेचा रोख भूप्रदेशावर नाही. जगभर विखुरल्या गेलेल्या आफ्रिकी माणसांच्या अनुभवावर तो आहे.

या व्याख्येचा मराठवाड्याशी थेट संबंध आहे. इथिओपियातून गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर निजामशाहीचा सूत्रधार झाला. १६१० मध्ये त्याने खडकी वसवली, तेच पुढचे औरंगाबाद. नांदेड जिल्ह्यातील कंधार आणि लातूर जिल्ह्यातील औसा, उदगीर हे किल्ले ज्या सत्तासंघर्षात हातोहात फिरले, त्याच्या केंद्रस्थानी १६२६ मधील मृत्यूपर्यंत हा हबशी माणूस होता. तरीही साहित्याभ्यासाने आफ्रिकी अनुभव अमेरिकेत शोधला आणि मलिक अंबर इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात राहिला. तुलना केली गेली ती दूरच्याशी. जवळचा संबंध अनुल्लेखित राहिला. विद्यापीठ म्हणजे काय, याचा अर्थ मराठवाड्याला ठाऊक नव्हता असेही नाही. नामांतराचा ठराव २७ जुलै १९७८ रोजी झाला, त्यानंतर दलित वस्त्या जळाल्या, नांदेड जिल्ह्यात पोचिराम कांबळे यांची हत्या झाली आणि नामविस्तार १४ जानेवारी १९९४ रोजी झाला. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला नांदेडचे विद्यापीठ अस्तित्वात आले. नावासाठी सोळा वर्षे झगडणाऱ्या या प्रदेशात त्या नावामागील प्रश्नाला जगातील समदुःखी समाजांच्या इतिहासाशी जोडणारा आफ्रिकाना विभाग मात्र उभा राहिला नाही.

अशा स्थितीत नांदेडच्या वा लातूरच्या विद्यार्थ्याने परदेशातील आफ्रिकाना विभागाचे दार ठोठावणे हे स्वाभाविकच आहे. त्याच्यापाशी साधनसामग्री आहे, भाषा आहे, अनुभवही आहे. परंतु २०२२ मध्ये केंद्र सरकारने अनुसूचित जाती व अन्य वंचित घटकांसाठी असलेल्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीचे नियम बदलले आणि भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास व भारतविषयक सामाजिक अभ्यास हे विषय तिच्या कक्षेतून वगळले. हार्लेमवर संशोधन करण्यास या नियमाची आडकाठी नाही; हार्लेम आणि कंधार यांचा एकत्र विचार करू पाहणाऱ्यासमोर मात्र ती उभी राहते. ज्याच्यापाशी तुलनेची दुसरी बाजू आहे, त्यालाच ती बाजू घरी ठेवून जाण्यास सांगणारा हा नियम आहे. त्याला अभ्यासक्रमाच्या स्वतःच्या विद्यावेतनावर अवलंबून राहावे लागेल, आणि तेथे जागा मोजक्याच असतात.

१९१६ चा निबंध पदवीच्या बाहेर लिहिला गेला आणि टिकला. त्यावरून असे निबंध पदवीच्या बाहेरच लिहिले जावेत, हा निष्कर्ष काढणे ही समाजाने स्वतःला दिलेली सोयीस्कर सूट ठरेल. असामान्य प्रज्ञेचा माणूस दोन ओझी वाहू शकतो. विद्याशाखा असते ती इतरांनाही प्रश्न विचारता यावेत म्हणून.